ऑलिव्हर वेंडेल होम्स : बाळंतरोग डॉक्टरच घरोघरी नेतात हे १८४३ मध्ये सांगणारा प्रोफेसर

रानवाटा (धागाकर्ता)

हात धुवा म्हणणारा डॉक्टर म्हटलं की बहुतेकांना व्हिएन्नाचा सेमेलवाइस आठवतो आणि ते बरोबरच आहे, पण त्याच्या चार वर्षं आधी अमेरिकेत बोस्टनमध्ये एका ३३ वर्षांच्या डॉक्टरने बाळंतरोग, म्हणजे बाळंतपणानंतर येणारा जीवघेणा ताप, डॉक्टर आणि सुईणी स्वतःच एका बाळंतिणीकडून दुसरीकडे नेतात हे पुराव्यानिशी मांडलं होतं. नाव ऑलिव्हर वेंडेल होम्स. त्याचाच सेम नावाचा मुलगा पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जज झाला त्यामुळे गुगल केलं की आधी मुलगाच येतो, आणि बाप कवी म्हणूनही गाजला त्यामुळे त्याचं डॉक्टरकीतलं काम मागेच पडतं. म्हणून हा धागा.

थोडक्यात माणूस सांगतो. जन्म १८०९, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. हार्वर्डमधून १८२९ ला ग्रॅज्युएट, मग वर्षभर कायदा शिकून बघितला, तो काही जमला नाही आणि मेडिसिनकडे वळला. १८३३ मध्ये पॅरिसला गेला आणि तिथे त्याला खरा गुरू भेटला, पिएर लुई. या लुईचं वैशिष्ट्य म्हणजे तो पेशंट मोजायचा. त्या काळी न्यूमोनियाला रक्त काढणे हा हुकमी इलाज समजत होते, लुईने न्यूमोनियाचे ७७ पेशंट घेतले, कोणाचं रक्त कितव्या दिवशी काढलं, कोण वाचलं कोण गेलं सगळं लिहून काढलं, आणि रक्त काढण्याचा जेवढा गवगवा होता तेवढा फायदा काही दिसत नाही असं सरळ सांगितलं. आज यात काय मोठंसं वाटेल, पण तेव्हा मोठमोठे डॉक्टर "माझा अनुभव" एवढ्या भांडवलावर बोलायचे. होम्स हे शिकून १८३५ च्या शेवटी परत आला, १८३६ मध्ये हार्वर्डची एमडी घेतली, दोन वर्षं डार्टमथला अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवली, १८४० मध्ये लग्न, आणि मग बोस्टनमध्ये प्रॅक्टिस.

आता मुद्द्याचं. बोस्टनमध्ये डॉक्टर लोकांची एक सोसायटी होती, तिथे एक केस चर्चेला आली. एका डॉक्टरने बाळंतरोगाने गेलेल्या बाईचं पोस्टमॉर्टेम केलं, त्यात त्याला जखम झाली असावी, आणि आठवडाभरात तो स्वतः गेला. पण मधल्या दिवसांत त्याने काही बाळंतपणं केली होती आणि त्या सगळ्या बायकांना बाळंतरोग झाला असं सांगण्यात आलं. होम्सने हे ऐकलं आणि लायब्ररीत बसून इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका इथले जेवढे रिपोर्ट सापडतील तेवढे गोळा केले. १३ फेब्रुवारी १८४३ ला त्याने तो निबंध सोसायटीत वाचला.

त्यातल्या दोन केसेस सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली एडिंबराची, १८२१. डॉक्टर कॅम्बेल बाळंतरोगाने गेलेल्या बाईच्या पोस्टमॉर्टेमला होता, तिच्या ओटीपोटातले अवयव विद्यार्थ्यांना दाखवायचे म्हणून त्याने कोटाच्या खिशात घातले आणि वर्गात नेले. खिशात! त्याच संध्याकाळी कपडे न बदलता तो एका बाळंतपणाला गेला, ती बाई गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरीला चिमटा (फोर्सेप्स) लावून मोकळं केलं, तीही गेली, आणि पुढच्या काही आठवड्यांत आणखी कितीतरी आजारी पडल्या त्यातल्या ओळीने तिघी गेल्या. त्या डॉक्टरने हे स्वतः लिहून ठेवलं, म्हणजे लपवलं नाही, त्याचं मला फार वाटतं.

दुसरी मँचेस्टरची, ३ डिसेंबर १८३० ते ४ जानेवारी १८३१. एका धर्मादाय संस्थेच्या एका सुईणीने महिनाभरात ३० बाळंतपणं केली, त्यातल्या १६ जणींना बाळंतरोग झाला आणि सोळाच्या सोळा गेल्या. त्याच महिन्यात त्याच संस्थेच्या बाकीच्या सुईणींनी त्याच शहरात ३८० बाळंतपणं केली, त्यात एकीलाही काही झालं नाही. आता सांगा, हवा खराब होती, ऋतू वाईट होता, बाईची प्रकृतीच नाजूक होती, ही कारणं तेव्हा दिली जायची, पण मग हवा एकाच सुईणीच्या मागे मागे फिरत होती का? होम्सचा सगळा निबंध हाच प्रश्न परत परत विचारतो. जंतू कोणाला माहीत नव्हते, पाश्चरने ते दाखवायला अजून छत्तीस वर्षं होती, तरी नुसत्या मोजणीवर हा माणूस योग्य जागी पोचला.

शेवटी त्याने नियमच घालून दिले. बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरने बाळंतरोगाच्या पोस्टमॉर्टेमला हात लावू नये. तिथे हजर राहिलाच तर नीट अंघोळ करावी, अंगावरचा एकूण एक कपडा बदलावा आणि २४ तास तरी बाळंतपणाला जाऊ नये. प्रॅक्टिसमध्ये बाळंतरोगाची एक केस झाली की पुढची प्रत्येक बाळंतीण धोक्यात आहे असं धरून चालावं. आणि थोड्या काळात दोन केसेस झाल्या तर निदान महिनाभर बाळंतपणं बंद. डॉक्टरच्या पोटावर पाय देणारा नियम आहे हा, पण तो मागे हटला नाही. इतके दिवस नशीब म्हणून खपलं, यापुढे असं झालं तर तो गुन्हा समजला पाहिजे, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. तेव्हा त्याचा मोठा मुलगा दोन वर्षांचाही नव्हता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली, म्हणजे बाळंतपण हा त्याच्या घरातलाही विषय होता.

निबंध ज्या नियतकालिकात छापला ते वर्षभरात बंद पडलं, त्यामुळे वाचला फार थोड्यांनी. पुढे १८४७ मध्ये होम्स हार्वर्डला अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा प्रोफेसर झाला, १८५३ पर्यंत डीनही होता, आणि १८८२ पर्यंत म्हणजे ३५ वर्षं शिकवत राहिला. दुपारी एकचा तास मुद्दाम त्याला द्यायचे, कारण सकाळपासून लेक्चरं ऐकून दमलेली, भुकेलेली पोरं फक्त त्याच्याच तासाला जागी राहायची.

पण त्याच्या डीनकीच्या काळात १८५० मध्ये एक प्रकरण झालं आणि तिथे हाच माणूस मला कमी पडलेला दिसतो. आधी तुम्ही या भागावर लिहा, मग ते सांगतो, ते टाळायचं नाहीये.

खडूफळा

उत्तम लिहिलंय. मी शाळेत विज्ञान शिकवलं, सेमेलवाइसचा धडा मुलांना नेहमी सांगायचो, होम्स यांचं नाव मात्र कधी घेतलं नाही. एक विचारतो, इतका स्पष्ट पुरावा असताना बाकीच्या डॉक्टरांनी ऐकलं का नाही? ३८० मध्ये शून्य आणि ३० मध्ये १६, हे तर सातवीतल्या मुलालाही कळेल.

रानवाटा

@खडूफळा सर, कळायला अवघड नव्हतंच, मानायला अवघड होतं. मानलं तर आपल्या हातून किती बायका गेल्या हा हिशोब प्रत्येकाला करावा लागला असता. सगळ्यात मोठा विरोध फिलाडेल्फियातून झाला, तिथे दोन बडे प्रोफेसर होते, जेफरसन कॉलेजचा चार्ल्स मेग्स आणि पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचा ह्यू हॉज. दोघंही स्त्रीरोग आणि प्रसूतीचेच प्रोफेसर, अख्ख्या अमेरिकेतले डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकलेले. मेग्सचं म्हणणं असं की डॉक्टर सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात. आणि हे मृत्यू योगायोग किंवा दैवेच्छा मानायला मी तयार आहे, कारण त्याची मला कल्पना तरी करता येते, संसर्गाची येत नाही, असंही त्याने लिहिलं. होम्सच्या लिखाणाला तर त्याने कॉलेजातल्या पोराची स्वप्नं म्हणून उडवून लावलं.

होम्सने काय करावं? १८५५ मध्ये तोच निबंध, मूळ मजकूर तसाच ठेवून, नवी प्रस्तावना लावून परत छापला. तोपर्यंत तो हार्वर्डचा प्रोफेसर होता, नाव झालं होतं. प्रस्तावनेत तो मेग्सशी वैयक्तिक भांडायला जात नाही, विद्यार्थ्यांना सांगतो की या मोठ्या लोकांचं नाव बाजूला ठेवा आणि केसेस वाचा. मला तो भाग निबंधापेक्षाही आवडतो.

बाळंतविडा

मी लेबर रूममध्ये नर्स म्हणून आयुष्य काढलं, तर या धाग्यावर लिहिल्याशिवाय कशी राहीन. दाई ट्रेनिंगमध्ये आम्ही पाच स्वच्छता शिकवायचो, स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. गावातल्या म्हाताऱ्या दाया बोटांवर मोजून म्हणून दाखवायच्या. नखं कापलेली पाहिजेत, बांगड्या वर सरकवून चालत नाही काढूनच ठेवायच्या, साबण कोपरापर्यंत, आणि हात पुसायला पदर नाही घ्यायचा, तसेच वाळू द्यायचे. पदराचं सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा कारण हात ओला झाला की पदराकडे जातोच.

आणि रानवाटा, तुम्ही म्हणता ते मानायला अवघड वगैरे, ते जुन्या काळचं नाही हो. एका ठिकाणी मी ज्युनियर असताना एक सर पू झालेल्या जखमेचं ड्रेसिंग करून तसेच लेबर टेबलकडे आले, मी म्हटलं सर हात, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. हात धुतले पण राग गेला नाही. मोठ्या माणसाला हात धुवा म्हणणं म्हणजे तुझे हात घाण आहेत म्हणणं, असंच घेतात ते. मेग्सचं वाक्य वाचून तेच आठवलं.

एक शंका. महिनाभर प्रॅक्टिस बंद ठेवून उपयोग व्हायचा का?

रानवाटा

ताई, तुमचा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचा अर्धा भाग झाला. शंकेबद्दल, नेहमी उपयोग व्हायचा असं नाही. ज्याच्या नाकाघशात किंवा हातावरच्या जखमेत बाळंतरोगाचे स्ट्रेप्टोकॉकस जंतू वस्तीला आहेत तो अंघोळ करून, कपडे बदलून, सुट्टी घेऊन परत आला तरी जंतू बरोबर आलेच. फिलाडेल्फियात डॉक्टर रटर म्हणून होता, त्याच्या एकट्याच्या प्रॅक्टिसमध्ये वर्षभरात ४५ केसेस झाल्या, त्याने बिचाऱ्याने डोकं भादरून घेतलं, कपडे नवे घेतले, गाव सोडून राहून आला, तरी परत सुरू. मेग्सने याचाच उलटा अर्थ लावला, बघा एवढं करूनही होतं म्हणजे संसर्ग नाही. होम्सने म्हटलं एकाच माणसाला इतक्या केसेस आणि शेजारच्या डॉक्टरांना नाहीत, यातून दुसरं काय निघतं? १८७९ मध्ये पाश्चरने पॅरिसच्या अकादमीत उभं राहून फळ्यावर जंतूंची माळ काढून दाखवली तेव्हा हा वाद मिटायला लागला.

साबुदाणावडी

सगळं ठीक पण या होम्सनेच १८४२ मध्ये होमिओपॅथीच्या विरोधात भाषणं दिली होती ना? आमच्या घरी तीन पिढ्या होमिओपॅथी घेतात आणि गुण येतो. जो माणूस स्वतः जुन्या डॉक्टरांनी आपलं ऐकलं नाही म्हणतो त्याने दुसऱ्या नव्या पद्धतीची खिल्ली उडवावी हे मला पटत नाही.

खडूफळा

@साबुदाणावडी, त्यांनी नुसती खिल्ली उडवली नव्हती, हिशोब मांडला होता. एक थेंब औषध दर वेळी शंभर पट पातळ करत गेलं तर सतराव्या पायरीला एड्रियाटिक समुद्राएवढे दहा हजार समुद्र भरतील इतकं अल्कोहोल लागेल, असं ते गणित आहे. शिवाय पॅरिसमध्ये आंद्राल नावाच्या डॉक्टरांनी १३०-१४० पेशंटना त्या पद्धतीने औषध देऊन काही फरक दिसला नाही, तोही दाखला त्यांनी दिला. पद्धत तीच, मोजा आणि मग बोला.

रानवाटा

आणि साबुदाणावडी, हा माणूस स्वतःच्या पक्षालाही सोडत नव्हता. १८६० मध्ये मॅसॅच्युसेट्स मेडिकल सोसायटीच्या वार्षिक सभेत, म्हणजे भरल्या डॉक्टरांच्या सभेत, त्याने सांगितलं की अफू, दारू, भूल देणारी औषधं अशी थोडी सोडली तर आपली बाकी सगळी औषधं समुद्रात बुडवली तर माणसांचं भलंच होईल, वाईट होईल ते माशांचं. सोसायटीने ठराव करून हात झटकले. त्या काळी पारा आणि अँटिमनी अशी विषारी द्रव्यं लोकांना भरभरून द्यायचे, त्यामुळे तो काही फार चुकीचं बोलला नाही. होमिओपॅथीचे पेशंट बरे व्हायचे कारण त्यांना निदान पारा तरी मिळत नव्हता, असं माझं मत. यावर इथे जास्त नको, वेगळा धागा काढा, मी येतो.

दवबिंदू

वाचतेय. फिलाडेल्फिया म्हटल्यावर मला आपली आनंदीबाई आठवली. आनंदीबाई जोशी ज्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये शिकल्या ते याच शहरात ना? त्यांचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं आणि म्हणून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, आणि १८८६ च्या पदवीचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच, आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे मेग्स आणि हॉजच्याच गावात.

रानवाटा

हो, तेच शहर. आणि दवबिंदू, तुम्ही मला १८५० च्या प्रकरणावरच आणून सोडलंत. ते कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये काय चाललं होतं बघा.

हॅरियट हंट नावाची बाई बोस्टनमध्ये १८३५ पासून प्रॅक्टिस करत होती, तिने १८४७ मध्ये हार्वर्डला लेक्चरं ऐकू द्या म्हणून अर्ज केला, तो फेटाळला, १८५० मध्ये परत केला. डीन होम्स अनुकूल होता, लेक्चरांना बसायची परवानगी मिळाली. त्याच हिवाळ्यात तीन काळ्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळाला, मार्टिन डिलेनी, डॅनियल लेंग आणि आयझॅक स्नोडन. लेंग आणि स्नोडन आफ्रिकेतल्या लायबेरियात जाऊन डॉक्टरकी करणार या बोलीवर एका सोसायटीने पाठवले होते. डिलेनी पिट्सबर्गचा, बरीच वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेला, तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं घेऊन आलेला, बाकी कॉलेजांनी नाकारलेला.

मग गोऱ्या विद्यार्थ्यांनी अर्ज दिले. बाई नको, आणि काळे विद्यार्थी नकोत, आमच्या पदवीची किंमत कमी होते. हंटबाईंनी अर्ज मागे घेतला. काही विद्यार्थ्यांनी काळ्या विद्यार्थ्यांच्या बाजूनेही अर्ज दिला होता हे मुद्दाम सांगतो, म्हणजे त्या काळात सगळे तसेच होते असं म्हणायला जागा नाही. शेवटी डिसेंबर १८५० मध्ये फॅकल्टीने ठरवलं की तिघांनी हा हिवाळा पुरा करावा, पुढे प्रवेश नाही. पत्रं गेली ती डीन होम्सच्या सहीने. हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये बाया आल्या त्या १९४५ मध्ये, म्हणजे आनंदीबाई पदवी घेऊन ५९ वर्षं झाल्यावर.

खडूफळा

डीन एकटा काय करणार? फॅकल्टीचा निर्णय, मतं पडलेली. शिवाय तेव्हा कॉलेज विद्यार्थ्यांच्या फीवर चालायचं, प्रोफेसरांचं उत्पन्नही लेक्चरच्या तिकिटांतूनच. वर्षभर आधी तर त्यांच्याच कॉलेजात वेबस्टर प्रोफेसरने बोस्टनचे श्रीमंत डॉक्टर पार्कमन यांचा खून केला होता, होम्स कोर्टात साक्षीला उभे राहिले होते, १८५० च्या ऑगस्टमध्ये वेबस्टरला फाशी झाली. कॉलेज आधीच हादरलेलं. त्यांच्यावर इतका ठपका ठेवू नये असं मला वाटतं.

रानवाटा

सर, तुमचा आदर ठेवून असहमत. फीचं खरं आहे, खुनाचंही खरं आहे, होम्सची खुर्चीही, म्हणजे प्रोफेसरपदही, पार्कमनच्याच नावाचं होतं. पण १८४३ मध्ये त्याच्याकडे ना हार्वर्डची खुर्ची होती ना डीनकी, समोर बडे प्रोफेसर, आणि तो म्हणाला प्रॅक्टिस बंद ठेवा. १८५० मध्ये हातात खुर्ची होती, समोर त्याचेच विद्यार्थी होते, आणि तिथे त्याने पुरावा विचारला नाही. डिलेनीला अ‍ॅनाटॉमी येते की नाही एवढाच प्रश्न होता आणि तो बाकावर बसलेला होता, विचारून बघता आलं असतं. मी त्याच्या निबंधाचा भक्त आहे म्हणूनच मला हे जास्त लागतं.

तळटीप

रानवाटांशी सहमत. शिवाय होम्सने मूळ अमेरिकन लोकांबद्दल १८५५ च्या एका भाषणात जे बोललंय ते वाचवत नाही, ते नष्ट होणारच, गोऱ्यांसाठी जागा होणारच अशा अर्थाचं. हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये विद्यार्थ्यांच्या एका सोसायटीला होम्सचं नाव होतं, ते २०२० मध्ये काढलं आणि विल्यम ऑगस्टस हिंटनचं दिलं. हिंटन हा हार्वर्डचा पहिला काळा पूर्ण प्रोफेसर, १९४९ चा, सिफिलिसची रक्ततपासणी त्याने शोधली. माझ्या मते योग्य झालं.

बाळंतविडा

नाव काढलं ते ठीकच. पण तो निबंध नर्सिंगच्या मुलींना वाचायला दिला पाहिजे, निदान त्या मँचेस्टरच्या सुईणीची केस. बिचारीला कोणी सांगितलंच नसेल की तुझ्या हातून होतंय. ३० घरी ती आशेने गेली असेल.

दवबिंदू

डिलेनीचं पुढे काय झालं?

रानवाटा

हार्वर्डची पदवी मिळाली नाही, पण तो थांबला नाही. पिट्सबर्गला परत गेला, १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत बरेच डॉक्टर शहर सोडून गेले तेव्हा हा तिथे राहून पेशंट बघत होता. गुलामगिरीविरोधी काळा नेता फ्रेडरिक डग्लस याच्याबरोबर वर्तमानपत्राचं काम त्याने आधीच केलं होतं. यादवी युद्धात लिंकनला भेटला आणि १८६५ मध्ये अमेरिकन सैन्यात मेजर झाला, लढाऊ तुकड्यांमधला त्या हुद्द्यावरचा पहिला काळा अधिकारी. १८८५ मध्ये गेला. त्याच्यावर स्वतंत्र धागा काढायचा आहे, तळटीप, तुमच्याकडे हिंटनबद्दल अजून काही असेल तर तिथे जोडूया. आणि बाळंतविडा ताई, तुम्ही दाई ट्रेनिंगवर लिहाच, पदराची गोष्ट सविस्तर वाचायची आहे.

बाळंतविडा

लिहिते. नातवाची परीक्षा झाली की बसते.